छंदासाठी रजा

शुक्रवारी दुपारी कांचन पहिल्या पाळीवरून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली, तेव्हाच शशिकलाबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. पोरगी चपलेसकट ओट्यापर्यंत येते म्हणजे काहीतरी फार बिनसलंय, एवढं कळायला ज्योतिषी लागत नाही. कांचनने मोबाइल पुढे धरला. इंग्लंडच्या क्लबच्या मॅनेजरचा मेल होता. शशिकलाबाईंचा चष्मा देवघरापाशी राहिला होता, म्हणून कांचनने मेल मराठीत सांगितला, एकेक शब्द चावत चावत. तिकडच्या मंडळाने तिची शिफारस अडवून ठेवली होती. शिफारस नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर इंग्लंड नाही.

"आई, रजेचा कागद फाइलमध्ये कोणी घातला?"

"मी घातला," शशिकलाबाई म्हणाल्या.

खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि सोयही नव्हती. त्या फाइलला हात लावलेली माणसं दोनच, त्या आणि त्यांचे थोरले बंधू गोपीनाथ. कांचनने चपला काढल्या, बाहेर नेऊन ठेवल्या आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं शशिकलाबाईंना वाटलं.

आता हे सगळं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. कांचन कारखान्यात वाइंडिंग विभागात होती, विजेच्या मोठमोठ्या मोटरींच्या वेटोळ्यांना टेप गुंडाळायच्या कामावर. नोकरी पक्की, पिपलानीत कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर, घरात ती आणि आई. चारचौघींसारखीच म्हणायची, पण बाईसाहेबांना वेड होतं मोटरसायकलच्या शर्यतीचं, आणि तीही साधी शर्यत नाही. स्पीडवे म्हणतात त्या प्रकाराला. मातीचं लंबगोल मैदान, चौघं जण, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे, गाडीला एकच गिअर आणि ब्रेक नाही. होय, ब्रेक नाही. शशिकलाबाईंना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की मेल्यांनी पैसे वाचवायला तरी काय जागा शोधली. वळणावर गाडी आडवी करून मागचं चाक घसरवत न्यायचं, हीच त्यातली विद्या. ती कांचन वडिलांच्या जुन्या राजदूतवर दसरा मैदानामागच्या धुळीत शिकली होती. सुरुवातीला वडील, भालचंद्रराव, स्वतः पाठीमागे पळत जायचे आणि घरी येऊन दोघं मिळून शिव्या खायचे.

मागच्या वर्षी साठवलेली रजा घेऊन कांचन पोलंडला गेली. तिथल्या बायकांच्या शर्यतीत, दुसऱ्याच्या गाडीवर, चौथी आली. ते पाहायला इंग्लंडच्या एका क्लबचा मॅनेजर आला होता, ग्रॅहम नावाचा. त्याने तिला पुढच्या हंगामासाठी मागितलं. पण परदेशी खेळाडूला नुसतं कोणी मागून भागत नाही. तिकडच्या नियामक मंडळाने आधी शिफारस करावी लागते, मग व्हिसा. आणि मंडळ दोन गोष्टी बघतं. एक, खेळाडू मोठ्या शर्यतीत उतरलेला हवा. दोन, खेळ हाच त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय हवा. हौशी माणसांसाठी हा व्हिसा नाहीच. पोलंडमुळे पहिली अट निभावली होती. दुसरीसाठी क्लबचा करार होता, पगाराचा आकडा घातलेला.

आणि त्याच फाइलमध्ये, सगळ्यांत वर, कारखान्याचा रजेचा कागद.

तो कागद म्हणजे गोपीनाथरावांची कर्तबगारी. गोपीनाथराव राज्य सरकारच्या नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, शिवाजी नगरात राहणारे. आयुष्यभर त्यांनी एकच धर्म पाळला. पक्क्या नोकरीवरचा हक्क सोडायचा नाही आणि अर्जाला जोडपत्रं कमी पडू द्यायची नाहीत. भाचीने राजीनामा देऊन मोटरसायकली पळवायला जायचं, हे ऐकूनच त्यांचा रक्तदाब वाढला होता. त्यांनी सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज स्वतः लिहिला. सरकारी कारखान्यातल्या माणसाला दुसरीकडे पगारी काम करता येत नाही, हे त्यांना पाठ होतं, म्हणून अर्जात त्यांनी खुबीने घातलं की सदर कर्मचारी आपला छंद जोपासण्यासाठी, कोणताही मोबदला न घेता, परदेशी जात असून रजेनंतर कामावर रुजू होईल. कांचनने आईचं तोंड बघून सही केली. अर्जातले शब्द जसेच्या तसे घेऊन रजा मंजूर झाली, तेव्हा शशिकलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

व्हिसाची फाइल पाठवताना कांचनने बजावलं होतं की मामा, मागितलेत तेवढेच कागद पाठवा. पण ती पाळीवर गेली आणि बहीणभाऊ टी. टी. नगरला स्कॅन करून पाठवायला गेले. मागितलेत तेवढेच कागद पाठवणं हे गोपीनाथरावांना उघड्या डोक्याने देवळात जाण्यासारखं वाटायचं. त्यांनी दहावीची गुणपत्रिका घातली. शिवणाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र घातलं. शशिकलाबाईंनी रजेचा कागद पुढे केला. म्हणाल्या, हा वर ठेवा दादा, साहेबाला कळू दे की पोरगी चांगल्या घरची आहे, सरकारी नोकरीतली आहे, तिकडेच राहून जाणारी नाही. दोघांनाही ते पटलं. आपल्याकडे पटतंच. कारखान्याचा शिक्का असलेला कागद कधी कोणाच्या आड येईल हे त्या वसाहतीत कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तर मंडळ म्हणत होतं, करारात ही मुलगी पगारी खेळाडू आहे आणि मालकाच्या पत्रात हौशी, विनामोबदला. यातलं खरं काय? सोमवारी मंडळाची बैठक होती, त्याच दिवशी क्लबलाही आपला संघ जाहीर करायचा होता. तोवर समाधानकारक खुलासा आला नाही तर ग्रॅहम तिच्या जागी कुणा डेन्मार्कच्या मुलाला घेणार होता. शिवाय कागदात खोटेपणा केल्याचा ठपका बसला तर पुढे कित्येक वर्षं त्या देशाचं दार बंद. माणूस चांगला असावा, कारण त्याने शेवटी लिहिलं होतं की मला तू हवी आहेस, पण माझे हात बांधलेले आहेत.

"मग मी काय सांगते," कांचन म्हणाली, "मी त्यांना लिहून टाकते की मी येत नाही."

आणि इथे शशिकलाबाईंना हायसं वाटलं. वाटलं ते वाटलं, त्याला इलाज नाही. पोरगी घरी राहणार, हाडं शाबूत राहणार, क्वार्टर राहणार. ते हायसं वाटणं त्यांच्या चेहऱ्यावरही आलं असणार, कारण कांचनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. मग शशिकलाबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी पेटवलेला गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

क्वार्टरचं असं होतं. भालचंद्रराव नोकरीत असतानाच गेले, घरीच, सकाळी दाढी करता करता, हृदयविकाराने. वसाहतीत माणूस गेला की दुःखाच्या पाठोपाठ घर सोडायचा प्रश्न येतो. अनुकंपा तत्त्वावर एकाला नोकरी मिळते आणि मग घर राहतं. त्या वेळी कांचनला ऑस्ट्रेलियाच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं. तिने ते कोणाला न विचारता नाकारलं आणि बापाच्या तेराव्यानंतर नोकरीच्या अर्जावर सही केली. आईला या घरातून उठवायचं नाही, एवढं एकच ती तेव्हा म्हणाली होती. शशिकलाबाईंनी त्या घरात संसार केला होता, मागच्या अंगणात आंबा लावला होता, आजूबाजूच्या सगळ्या बायका त्यांना नावानिशी ओळखत होत्या. पोरीचं म्हणणं त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. तेव्हा दुसरं काही सुचण्याची अवस्थाही नव्हती.

संध्याकाळी गोपीनाथराव आले. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण दहा मिनिटांत त्यांच्यातला हेडक्लार्क पुन्हा उभा राहिला. म्हणाले, काही घाबरायचं कारण नाही, शुद्धिपत्रक काढून घेऊ. चुकीच्या कागदावर दुसरा कागद हाच उपाय असतो. छंद हा शब्द अनवधानाने पडला असं कारखान्याने लिहून द्यायचं, की झालं. कार्मिक विभागाच्या वंदना मॅडम दोन गल्ल्या सोडून राहतात, आत्ताच जाऊ. कांचन म्हणाली, तुम्ही जा, मला कुठे यायचं नाही. ती व्हरांड्यात राजदूतची साखळी साफ करत बसली होती. हात चालत होते आणि डोळे भलतीकडेच.

वंदना मॅडम मूळच्या अमरावतीच्या, वयाने कांचनपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी दोघांना बसवलं, चहा केला आणि मंडळाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. गोपीनाथरावांनी शुद्धिपत्रकाचा मसुदा खिशातून काढला तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. ती पगारी खेळाडू आहे असं त्या लिहायला तयार होत्या, पण मग ती रजेवर असू शकत नाही. रजेवरचा माणूस दुसरीकडे पगार घेतो असं कार्मिक विभागानेच लिहून द्यायचं म्हणजे उद्या चौकशी कांचनवर आणि परवा वंदना मॅडमवर. गोपीनाथरावांनी कुठल्याशा जुन्या परिपत्रकाचा दाखला दिला. मॅडमनी तो ऐकूनही घेतला. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि भावाकडे न बघता बहिणीकडे बघितलं.

"काकू, एकतर ती आमची, नाहीतर त्यांची. दोन्हीकडे नाव ठेवता येणार नाही मला."

"आणि राजीनामा दिला तर?" शशिकलाबाईंनी विचारलं.

मॅडमनी काही लपवलं नाही. राजीनामा उद्या शनिवारी त्यांच्या हातात आला तर त्या उद्याच मुक्त करण्याचा आदेश काढतील, मागची रजा रद्द झाल्याचंही त्यात लिहितील, आणि तेवढ्यावर तिकडच्या लोकांची शंका फिटायला हवी. फिटेलच याची हमी नाही. पण अनुकंपाची नोकरी एकदाच मिळते. ती सोडली की परत नाही, दुसऱ्या कोणालाही नाही. आणि क्वार्टर सोडावं लागेल. मुदत मिळेल थोडी, पण सोडावं लागेल. कांचनने सकाळीच त्यांना फोन करून हे सगळं विचारलं होतं, असंही त्या म्हणाल्या. विचारलं आणि म्हणाली, मग राहू द्या मॅडम, आई कुठे जाईल.

सकाळीच! म्हणजे मेल सकाळीच आला होता. पोरीने पाळीभर तो उराशी बाळगला होता, सगळे हिशेब करून झाले होते आणि मगच ती घरी आली होती. शशिकलाबाईंच्या तोंडचा चहा कडू झाला.

परत येताना गोपीनाथराव समजावत होते. बाईमाणसाने ब्रेक नसलेल्या गाडीपायी डोक्यावरचं छप्पर घालवायचं, हे कोणत्या शहाण्याने सांगितलं? व्हिसा मिळालाच नाही तर? हात मोडून परत आली तर? तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं म्हणून रडत बसाल दोघी. त्यांचं एकेक वाक्य खरं होतं. शशिकलाबाई हूं हूं करत चालत होत्या. फाटकापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या की दादा, उद्या सकाळी तुम्ही इकडे येऊ नका. गोपीनाथरावांना वाटलं, दमली असेल बिचारी.

रात्री दोघी जेवायला बसल्या. शशिकलाबाईंनी एकदा विषय काढला. राजीनामा दे, माझं मी बघेन, असं म्हणून पाहिलं. कांचनने ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, आई, तू बघशील म्हणजे काय करशील, मामींच्या घरात कोपरा धरून बसशील? मला ते बघायचं नाही. सोमवारी लिहून टाकते, विषय संपला. बापाची जीभ होती तिच्या तोंडात. ती एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाही.

म्हणजे बोलून काही व्हायचं नव्हतं. भांडी घासायच्या निमित्ताने शशिकलाबाई मागच्या अंगणात गेल्या आणि त्यांनी इंदुमतीला फोन लावला. इंदुमती पूर्वीची शेजारीण. नवरा निवृत्त झाल्यावर त्यांनी करोंदला मंडईच्या बाजूला घर बांधलं होतं आणि वरची खोली रिकामी पडून होती. नवऱ्याच्या मागे मिळणारी पेन्शन होती, भाड्याला आणि एका पोटाला ती पुरली असती. इंदुमतीने कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाली की जिना जरा उभा आहे गं, गुडघ्यांचं बघ.

शनिवारी कांचन पहाटेच्या पाळीला गेली आणि शशिकलाबाईंनी पदर खोचला. आधी देव काढले. मग डबे, भांडी, पातेली, गाद्या. शेजारच्या दोघी आवाज ऐकून आल्या, काय चाललंय ते कळल्यावर एकीने डोक्याला हात लावला, पण दोघीही कामाला लागल्या. वसाहतीतल्या बायकांना सामान बांधायला शिकवावं लागत नाही, बदली आणि निवृत्ती त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. बारा वाजता करोंदहून छोटा हाथी टेम्पो आला. धान्याची पोती वाहणारा ड्रायव्हर होता, त्याच्या गाडीत अजून गव्हाचा भुसा होता. शशिकलाबाईंनी आधी तो झाडायला लावला आणि मग कपाट चढवू दिलं. कपाट निघालं त्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला. तिकडे बघायचं त्यांनी टाळलं. त्यांना भीती वाटत होती. इतकी, की डबे बांधताना दोरीची गाठ बसेना. नव्या जागेची होती, एकटेपणाची होती, आणि सगळ्यांत जास्त त्या ब्रेक नसलेल्या गाडीची होती. पण हात थांबवले तर आपण सगळं परत आत नेऊन ठेवू हे त्यांना माहीत होतं, म्हणून हात थांबवले नाहीत.

कांचनची स्कूटी गल्लीत वळली तेव्हा गाडी भरून झाली होती. आधी तिला वाटलं, शेजारचं कोणीतरी चाललंय. मग तिला गाद्यांच्या वळकटीवर वडिलांचा फोटो दिसला, चादरीत गुंडाळलेला, एक कोपरा उघडा राहिलेला. तिने स्कूटी स्टँडलाही लावली नाही, तशीच भिंतीला टेकवली.

"आई, हे काय आहे?"

"मी करोंदला राहायला चालले. इंदुमतीच्या वरच्या खोलीत. बोलणं झालंय माझं."

कांचन आत गेली. रिकाम्या खोल्यांतून तिची पावलं वाजत गेली आणि वाजत परत आली. मग मात्र ती बोलली. कालपासून दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. कोणाला विचारून केलंस हे, मी यासाठी नोकरी धरली होती का, आत्ताच्या आत्ता सगळं उतरवून घे, असं ती ड्रायव्हरदेखत, शेजारणींदेखत बोलली आणि बोलता बोलता रडकुंडीला आली. शशिकलाबाईंनी तिला पुरतं बोलू दिलं.

"अजून व्हिसा मिळालेला नाही, आई. नोकरीही जाईल आणि तेही जाईल. मग?"

"मग करोंदला ये. खोली दोघींना पुरते, मी विचारून घेतलंय." मग त्यांनी गाडीवरची दोरी ओढून बघितली. "तू माझ्यासाठी एकदा थांबलीस, मी थांबू दिलं. दुसऱ्यांदा नाही थांबू द्यायची. घर मी सोडलंय, तू नाही. आता तुला थांबायला इथे काही उरलेलं नाही."

त्यांनी कमरेला खोचलेला कागद काढला. राजीनामा त्यांनी सकाळीच शेजारच्या मुलीकडून लिहून घेतला होता. तीन ओळींचा. छंद नाही, कारण नाही, विनंतीही नाही. कांचनने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि गाडीच्या फळीवर ठेवून सही केली.

पुढे मंडळाचा होकार आला आणि व्हिसाही मिळाला, हे सांगून टाकायला हरकत नाही. या वेळी गोपीनाथरावांनी एकच कागद, नोकरीतून मुक्त केल्याचा आदेश, पाठवला, आणि तो पाठवताना त्यांना घाम फुटला होता म्हणतात. पण ते सगळं नंतरचं. त्या शनिवारी दुपारी यातलं कोणालाच काही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की घर गेलं आणि नोकरी जात होती.

सही झालेली शशिकलाबाईंनी बघितली. त्या रिकाम्या घराच्या पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. हळू, पदराआड वगैरे नाही, चांगलं मोठ्याने. शेजारणी पुढे आल्या. कांचन कागद तसाच हातात धरून त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"आई, नको ना. फाडते मी हा. सामान उतरवू आपण."

शशिकलाबाईंनी मान हलवली. मग त्यांनी दोन्ही हातांनी पोरीचे खांदे धरले आणि तिला ढकललं, चांगलं जोरात, की ती मागे पडता पडता सावरली.

"मला रडू दे. तू जा. ऑफिस चारला बंद होतं."